विंडोजवरून मॅकवर आल्यावर स्क्रीन रीडरला साथ देणारी सॉफ्टवेअर कशी शोधायची?

तुम्ही विचारलंय की बरीच वर्षं विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरल्यानंतर आता मॅक हाती आलाय, ओळखीचे प्रोग्रॅम मिळत नाहीत, आणि नवे डाउनलोड करून पाहिले तर मॅकचा स्वतःचा स्क्रीन रीडर व्हॉइसओव्हर एक तर गप्प राहतो नाहीतर नुसतं 'बटन, बटन' म्हणतो. मलाही दिसत नाही आणि मीही याच वाटेने आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक विनंती. पहिले दोन आठवडे कुठलाही प्रोग्रॅम 'ॲक्सेसिबल नाही', म्हणजे स्क्रीन रीडरने वापरता येत नाही, म्हणून काढून टाकू नका. मी पहिल्या आठवड्यात मेलचे तीन प्रोग्रॅम घेतले आणि तिन्ही उडवले. टॅब दाबत गेलो की 'मेसेजेस, टेबल' एवढं ऐकू यायचं आणि पुढच्या टॅबला भलतंच काहीतरी. यादी वाचताच येत नाही अशी माझी खात्री झाली होती. मग एकदा कंट्रोल आणि ऑप्शन या दोन कळा धरून शिफ्ट आणि खालचा बाण दाबला. 'इन मेसेजेस टेबल' असं म्हणत व्हॉइसओव्हर आत शिरला. सगळी पत्रं तिथे होती, पहिल्या दिवसापासून.

एनव्हीडीएवर आपल्याला टॅब आणि बाणांनी सरळ फिरायची सवय असते. व्हॉइसओव्हरला पडदा डब्यात डबा असा दिसतो. यादी, टूलबार, तक्ता हे सगळे डबे. आत जायला वर सांगितलेल्या चार कळा, बाहेर यायला त्याच कळा पण खालच्याऐवजी वरच्या बाणासह. एवढं हाताला बसलं की निम्मे 'मुके' प्रोग्रॅम बोलायला लागतात. कंट्रोल-ऑप्शन-के दाबलंत तर सरावाचा मोड सुरू होतो. त्यात कुठलीही कळ दाबा, ती काय करते ते ऐकू येतं, प्रत्यक्षात काहीच घडत नाही. एस्केपने बाहेर या. मी रोज दहा मिनिटं हेच करायचो.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. स्क्रीन रीडर पडदा 'पाहत' नाही. 'हे बटन आहे, याचं नाव पाठवा' अशी माहिती प्रोग्रॅमने सिस्टिमला द्यावी लागते आणि तीच आपल्याला ऐकू येते. ही माहिती देण्याची विंडोजची व्यवस्था वेगळी आणि मॅकची वेगळी. म्हणून एकाच नावाचा प्रोग्रॅम तिकडे घडाघडा बोलतो आणि इकडे गप्प असतो, किंवा उलट. ॲपलने दिलेली तयार बटनं, याद्या, मेनू वापरून बनवलेल्या प्रोग्रॅमला ही माहिती बरीचशी आपोआप मिळते. ज्यांनी बटनं स्वतः रंगवलेली असतात त्यांना ती हाताने भरावी लागते, आणि तिथेच ती राहून जाते. म्हणून माझी पहिली पसंती मॅकसाठीच बनवलेल्या साध्या प्रोग्रॅमना असते, दिसायला ते कितीही जुनाट असोत.

जुन्या प्रोग्रॅमची नावं शोधत बसू नका. त्याऐवजी कामांची यादी करा: पत्रं, हिशेबाचे तक्ते, लिखाण, आवाजाचं संपादन, जे असेल ते. मग एकेका कामाला काय चालतं ते पाहा. साध्या लिखाणाला टेक्स्टएडिट पुरतो, मोठ्या दस्तऐवजांना पेजेस किंवा मॅकवरचा वर्ड. ब्राउझर म्हणून सफारीपासून सुरुवात करा. फायरफॉक्सही 2021 पासून व्हॉइसओव्हरशी नीट जुळतो. आवाजाचं काम असेल तर रीपर हा ध्वनिसंपादनाचा प्रोग्रॅम आणि त्याला जोडायचं ओसारा हे मोफत एक्स्टेंशन जरूर घ्या. ओसारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठीच बनलंय आणि विंडोज, मॅक दोन्हींवर चालतं, त्यामुळे तिकडे शिकलेलं बरंचसं इकडेही कामी येतं.

पैसे भरण्याआधी ॲपलविस या संकेतस्थळावरची मॅक ॲपची यादी पाहा. तिथे आपल्यासारखेच वापरणारे लिहितात की किती बटनांना नावं आहेत आणि कुठे अडतं. ॲप स्टोअरवरही 2025 पासून ॲपच्या पानावर व्हॉइसओव्हर चालतो का याची नोंद देता येते, पण ती बनवणाऱ्याने स्वतः दिलेली असते. तिच्यावर विसंबून वर्षभराचे पैसे भरू नका. चाचणीची मुदत असेल तर ती घ्या आणि तुमचं रोजचं एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करा: फाइल उघडणं, दुरुस्ती, शोध, जतन, दुसऱ्याला पाठवणं. मुख्य खिडकी छान बोलते आणि जतन करायच्या खिडकीत अडतं, असं मी अनेकदा पाहिलंय.

दोन-चार बटनंच मुकी असतील तर प्रोग्रॅम सोडायची गरज नाही. बटनावर जाऊन कंट्रोल-ऑप्शन आणि स्लॅश दाबलंत की त्याला स्वतः नाव देता येतं. बटन नेमकं काय करतं ते एकदा डोळस माणसाकडून विचारून घ्या. शिवाय कमांड-शिफ्ट-स्लॅश दाबून मदतीच्या मेनूत शब्द टाइप केलात तर ती आज्ञा मेनूत कुठे आहे ते सापडतं. पडद्यावरचं बटन बोलत नसलं तरी तीच आज्ञा मेनूत बरेचदा असते.

आणि एखाद्या प्रोग्रॅमला खरंच पर्याय नसेल तर? मॅकमध्येच व्हर्च्युअल मशीनवर (मॅकच्या आत जणू दुसरा संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) विंडोज बसवा आणि त्यात एनव्हीडीए ठेवा. एनव्हीडीएच्या आज्ञा इन्सर्ट कळ धरून देतात आणि मॅकच्या की-बोर्डला ती नसते, तेव्हा तिच्याऐवजी एनव्हीडीएची कळ म्हणून कॅप्स लॉक निवडा. मी एका प्रोग्रॅमसाठी अजूनही हेच करतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

बनवणाऱ्यांना लिहायचं टाळू नका. 'ॲक्सेसिबल नाही' एवढंच कळवलं तर सहसा काही होत नाही. मी टिपणांच्या एका प्रोग्रॅमबद्दल लिहिलं होतं: 'टूलबारमधलं डावीकडून तिसरं, चौथं, सहावं आणि सातवं बटन, व्हॉइसओव्हर चारही ठिकाणी फक्त बटन म्हणतो, कृपया नावं द्या.' सोबत व्हॉइसओव्हर काय बोलतो त्याचं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग जोडलं. पुढच्या आवृत्तीत चारही बटनांना नावं आली होती.

तुमच्या कामांची यादी इथे लिहिलीत तर मी वापरलेले प्रोग्रॅम त्यासमोर लिहून देईन.