न्यू जर्सीत घर बांधतोय. किचन परमिटच्या आधी ठरवावं की नंतर?

तुम्ही लिहिलंय की प्लॉट झालाय, नकाशे होत आलेत आणि बिल्डर म्हणतोय, "किचनचं नंतर बघू, आधी परमिट काढून घेऊ." आमचा बिल्डरही अगदी हेच म्हणाला होता. आम्ही मान डोलावली आणि त्यात दोन महिने गेले.

कॅबिनेटचा रंग, ओट्याचा दगड हे खुशाल नंतर बघा. पण शेगडी कुठे, केवढी आणि फोडणीचा धूर कुठल्या भिंतीतून बाहेर जाणार, एवढं तरी नकाशा टाउनशिपमध्ये (म्हणजे इथली नगरपालिका) जाण्याआधी ठरवून टाका.

इथले बिल्डर बहुतेक वेळा शेगडीवर मायक्रोवेव्ह टांगून देतात, त्याच्याच पोटात पंखा असतो. तो ओढतो ३०० सीएफएमच्या (मिनिटाला इतके घनफूट हवा) आसपास, आणि पुष्कळदा तीच हवा जाळीतून गाळून परत तुमच्या तोंडावर सोडतो. उकडलेल्या पास्त्याला पुरतं ते. घरात एकदा सुकट भाजून बघा, आठवडाभर कोटांच्या कपाटातून वास येईल. म्हणून धूर खरोखर घराबाहेर टाकणारी हूड घ्या (आपल्याकडची चिमणी). ढोबळ हिशेब असा की गॅसच्या सगळ्या बर्नरचे मिळून जितके बीटीयू (आचेचं माप), त्यात दर १०,००० मागे १०० सीएफएम. शेगडी ६०,००० ची असेल तर ६०० ची हूड.

गोम इथेच आहे. इथल्या निवासी बांधकामाच्या कोडमध्ये (नियमावलीत) ४०० सीएफएमची रेघ आखलेली आहे. हूड त्याच्यावर गेली आणि घरात साध्या धुराड्याचा गॅसचा बंब किंवा तसंच काही असेल, तर बाहेर जाणाऱ्या हवेच्या बदल्यात हवा आत घ्यायची सोय दाखवावी लागते. तिला मेकअप एअर म्हणतात. नवी घरं जवळपास हवाबंद असतात. हूडने जोरात ओढलं की हवा मिळेल तिथून आत येते, बंबाच्या धुराड्यातूनही, आणि येताना कार्बन मोनॉक्साइड घेऊन येते. आमच्या नकाशात हूड ९०० ची आणि तळघरात असाच साधा बंब, त्यामुळे प्लॅन परत आला. शेवटी बाहेरूनच हवा घेणारा, बंदिस्त डायरेक्ट व्हेंट बंब घेतला आणि हूड ६०० वर आणली. पण त्यापायी बंबाला बाहेरच्या भिंतीशी हलवावं लागलं, त्याच्यामागे पाइप हलले आणि प्लंबरने कागद नव्याने भरले.

शेगडी आयलंडवर (किचनच्या मधोमध असलेल्या सुट्या ओट्यावर) घेण्याचा मोह होतो, पाहुण्यांशी गप्पा मारत पोळ्या वगैरे. माझं ऐकाल तर बाहेरच्या भिंतीलाच ठेवा. ६०० सीएफएमला साधारण ८ इंची डक्ट (धूर बाहेर नेणारा नळ) लागतो. तो गुळगुळीत पत्र्याचा, आखूड आणि सरळ हवा. आयलंडवरून त्याला छतातल्या तुळयांमधून फिरवत न्यायचं म्हणजे अर्धा जोर वळणांतच जातो.

आता 'मसाला किचन'. मागे दाराआड छोटी दुसरी शेगडी, तळण-फोडणी तिकडेच. कल्पना उत्तम, आमच्याही नकाशात होती. झोनिंग ऑफिसरचा (कुठल्या प्लॉटवर काय बांधता येतं ते बघणारा टाउनचा अधिकारी) पहिला प्रश्न: इथे दुसरं कुटुंब राहणार का? पुष्कळ टाउनमध्ये दुसरं पूर्ण किचन म्हणजे दुसरं बिऱ्हाड असं धरतात, आणि तुमचा प्लॉट तर एका कुटुंबाच्या घराचा. काही ठिकाणी लेखी हमीवर भागतं. नाही भागलं तर व्हेरियन्स (नियमातून सूट) मागायचा: २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालमत्ताधारकांना नोटीस, मग बोर्डापुढे सुनावणी, आणि प्रकरण वापर बदलण्याचं ठरलं तर सातपैकी पाच मतं हवीत. आम्ही दुसरी शेगडी काढली, सिंक आणि ओटा ठेवला. आता ते कोठीघर आहे, पापड-लोणची आणि मिक्सर तिथेच. नकाशा काढण्याआधी टाउनला एक फोन करा, आर्किटेक्टला तुमच्या गावचा नियम ठाऊक असेलच असं नाही.

परमिटचं कामकाज त्यामानाने सरळ आहे. आधी झोनिंगची मंजुरी. मग बांधकामाच्या अर्जाचं फोल्डर, त्यात बिल्डिंग, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग, फायर यांचे वेगवेगळे फॉर्म. नियमाप्रमाणे २० कामकाजाच्या दिवसांत मंजुरी किंवा नकार यायला हवा. अर्ज अर्धवट असला तर नकार येतो आणि दुरुस्त करून पुन्हा रांगेत. हूडचं आणि शेगडीचं मॉडेल, त्यांची कंपनीची पत्रकं आधीच जोडली तर एक फेरी वाचते. परमिट मिळाल्यावर वर्षभरात काम सुरू करा, आणि मध्ये सहा महिने बंद पडू देऊ नका, नाहीतर ते रद्द होतं. भिंती झाकण्याआधी वायरिंग, प्लंबिंग, लाकडी सांगाडा, इन्सुलेशन यांची तपासणी होते. ड्रायवॉल (भिंती झाकणाऱ्या जिप्समच्या पाट्या) लागण्याच्या आदल्या दिवशी किचनच्या प्रत्येक भिंतीचे फोटो मोजायची टेप लावून काढा.

ओट्याबद्दल एवढंच. इथे ओटा ३६ इंचांचा असतो. माझी आई पाच फुटांची, दोन महिने राहायला आली आणि पोळ्या लाटून तिचे खांदे भरून आले. एका कोपऱ्यात ३२ इंचांचा तुकडा मागून घ्या, कॅबिनेटवाले करून देतात. भिंतीलगतच्या ओट्यावर कुठूनही दोन फुटांच्या आत प्लग असावा असं कोड म्हणतं, तेव्हा तिथे प्लगांची चिंता नाही. फक्त पुण्याहून २३० व्होल्टचा मिक्सर आणू नका, इथे १२० वर तो नुसता गुरगुरतो. ११० चा घ्या, एडिसन गावातल्या भारतीय दुकानांत मिळतो.