टाचणीवरची चिठ्ठी

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात फुलपाखरांच्या जुन्या पेट्या आहेत. नुसते फोटो काढून ठेवले तर पुरे का?

उत्तर : नाही. खरा ऐवज कीटकाखाली टाचणीत ओवलेल्या चिठ्ठ्यांत असतो : ठिकाण, तारीख, संग्राहक. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातल्या अशा तारखांवरूनच दिसले, की उबदार वसंतात ब्रिटिश फुलपाखरे लवकर उडू लागतात.

चिठ्ठ्या चिमट्याने खालच्या बाजूने काढा, त्याच क्रमाने परत लावा. फोटोत कीटक, चिठ्ठ्या, मिलिमीटरपट्टी आणि नवा क्रमांक एकत्र हवा. पितळी टाचणीवर हिरवा गंज असेल तर ओढू नका, टाचणी तुटते. अशा वेळी चिठ्ठ्या न काढता तिरका फोटो चालेल. मजकूर जसाच्या तसा उतरवा. ‘पूना’चे ‘पुणे’ वेगळ्या रकान्यात. अक्षांश-रेखांशांपुढे खरी जागा किती किलोमीटर इकडेतिकडे असू शकते, तेही लिहा. ‘पूना’ म्हणजे शहर की जिल्हा, हा घोळ नंतर कुणालाच सुटत नाही.