नागिणीची गोळी माकडतापाला का चालत नाही

प्रश्न असा आहे: वडील दोडामार्गात काजू वेचायला जातात, तपासणीत माकडताप निघाला आणि डॉक्टर म्हणतात, यावर वेगळं औषध नाही. नागीणही विषाणूचीच, मग तिच्यावरचं असायक्लोव्हिर का देत नाहीत?

कारण ते औषध नागिणीच्या विषाणूच्याच एका विकरावर (एन्झाइमवर) अवलंबून आहे. हा विषाणू डीएनएचा. पेशीत शिरला की तो थायमिडीन कायनेज हे स्वतःचं विकर बनवतो. गोळीतलं औषध तोवर निष्क्रिय असतं. हे विकर त्याला पहिला फॉस्फेट जोडतं, पुढचे दोन आपल्या पेशीतली विकरं जोडतात. मग विषाणूच्या डीएनएची नक्कल होताना औषधाचा रेणू साखळीत बसतो, पण त्याला पुढची कडी लावायला टोकच नसतं. नक्कल तिथेच थांबते. निरोगी पेशीत पहिला फॉस्फेट जवळजवळ लागतच नाही, म्हणून तिला धक्का कमी. हेही पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू झालं तर खरा उपयोग: मोठ्या माणसाला 800 मिलिग्रॅम, दिवसातून 5 वेळा, 7 दिवस. मूत्रपिंड अधू असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात.

माकडतापाचा विषाणू आरएनएचा, डेंग्यूच्या कुळातला. बाहेर चरबीचं आवरण, त्यावर ई प्रथिन. पेशी त्याला इवल्या पिशवीत आत ओढते. पिशवीत आम्लता वाढली की ई प्रथिन आकार बदलतं, आवरण पिशवीच्या पडद्यात मिसळतं आणि आरएनए मोकळा होतो. त्यावरून एक लांब प्रथिन तयार होतं आणि ते कापून 10 प्रथिनं निघतात. त्यांत थायमिडीन कायनेज नाही, डीएनएची नक्कल तर होतच नाही. असायक्लोव्हिर इथे काय करणार?

म्हणून सगळी भिस्त देखरेखीवर: पॅरासिटामॉल, पुरेसं पाणी किंवा सलाईन, प्लेटलेट आणि रक्तदाबावर लक्ष. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. अंगदुखीवर जे इंजेक्शन टोचतात ते बहुधा डायक्लोफेनॅक असतं, तेही नको. प्लेटलेट आधीच उतरलेल्या असतात, रक्तस्राव वाढतो. ताप गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी काहींना तो पुन्हा येतो. तेव्हा मान आखडली, हात थरथरले किंवा बोलण्यात भ्रम जाणवला तर थेट रुग्णालय गाठा.

यावरून तापात अँटिबायोटिक कधीच नको, असं मात्र धरू नका. भातलावणीच्या दिवसांतला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप जिवाणूचा असतो, त्यावर डॉक्सिसायक्लिन चालतं आणि उशीर जिवावर बेततो. काय आहे ते रक्ततपासणीच सांगेल.

वडिलांचा ताप घरात एकमेकांना लागत नाही, तो गोचिडीतून येतो. बाकीचे बागेत जाणार असतील तर पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, उघड्या अंगाला आरोग्य केंद्रातून मिळणारं गोचीड-प्रतिबंधक तेल. पातेऱ्यावर, म्हणजे झाडाखालच्या वाळक्या पानांवर, बसू नये. पिल्लू-गोचीड मोहरीएवढी असते, म्हणून घरी येताच आंघोळ करून काखा, जांघा, कानामागे पाहा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, चटका नको, बोटांनी चिरडूही नका. जागा साबणाने धुवा.