स्नायू विरघळतो, पण पेशी हाती लागत नाहीत!

प्रश्न: ताई, मी एमएस्सी करतेय, प्रोजेक्टसाठी उंदराच्या मागच्या पायाच्या स्नायूतून पेशी काढून कल्चर करायच्या आहेत. तुकडे करून पीबीएस-ईडीटीएने (ईडीटीए घातलेलं मिठाचं द्रावण) धुते, मग त्यातच कोलॅजनेज (पेशींभोवतीचं कोलॅजन तोडणारं एन्झाइम) टाकून ३७ डिग्रीला दीड तास ठेवते. शेवटी शेंबडासारखं चिकट काहीतरी तयार होतं, पिपेटमध्येच अडकतं, आणि ज्या थोड्या पेशी मिळतात त्या दोन दिवसांनी बघितल्या तर सगळ्या फायब्रोब्लास्टच, म्हणजे स्नायूच्या नाही, जोडऊतीच्या पेशी. एन्झाइम वाढवू का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: नको गं, वाढवू नकोस! आधी ते ईडीटीए काढ. कोलॅजनेजला काम करायला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए नेमकं तेच धरून बसतं, म्हणजे गाडी चालू करून हँडब्रेक ओढून ठेवल्यासारखं झालं. हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, मी पण एकदा शेल्फवरची अर्धी उरलेली बाटली लेबल न वाचता वापरली होती आणि अख्खा दिवस एन्झाइमच्या बॅचला शिव्या घातल्या. धुवायला साधा पीबीएस चालेल, पण एन्झाइम मात्र कॅल्शियम असलेल्या मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) विरघळव.

दुसरं म्हणजे तुकडे. चरबी आणि टेंडन दिसेल तेवढं आधीच काढ, मग वाकड्या कात्रीने इतकं बारीक कर की खिमा नाही, चटणी दिसली पाहिजे. हे नीट झालं तर टाइप २ कोलॅजनेज आणि सोबत डिस्पेज (पेशी सुट्या करणारं दुसरं एन्झाइम), अर्धा-पाऊण तास पुरतो बऱ्याचदा, पण घड्याळ लावून निघून जायचं नाही, दर दहा मिनिटांनी ट्यूब हलवायची, थेंबभर मायक्रोस्कोपखाली बघायचा, सुट्या गोल पेशी दिसायला लागल्या की थांबायचं. तो शेंबूड म्हणजे मेलेल्या पेशींतून बाहेर आलेला डीएनए, म्हणजे तू जास्त वेळ ठेवतेयस किंवा पिपेटने फार जोरात ढवळतेयस. थोडं डीएनेज, म्हणजे डीएनए तोडणारं एन्झाइम, टाकलंस तर सुटेल, पण तो उपाय झाला, कारण वेगळंच. आणि एन्झाइम थांबवताना नुसत्या सीरमवर विसंबू नकोस, त्याने ट्रिप्सिनसारखं एन्झाइम थांबतं, कोलॅजनेजचा तेवढा भरवसा नाही, भरपूर मीडिया घालून पातळ कर आणि सेंट्रिफ्यूज करून एन्झाइम काढून टाक. मग ७० आणि नंतर ४० मायक्रॉनच्या गाळणीतून.

आता फायब्रोब्लास्ट. तुला हव्यात त्या सॅटेलाइट पेशी, म्हणजे स्नायूच्या स्टेम सेल, १९६१ मध्ये अलेक्झांडर माऊरोने बेडकाच्या स्नायूत बघितलेल्या, तंतूला आणि त्याच्या वरच्या आवरणाला चिकटून बसलेल्या. त्या मुळात थोड्या आणि प्लेटला चिकटायला आळशी. फायब्रोब्लास्ट मात्र लोकलमध्ये सीट पकडावी तसे पटकन चिकटतात. त्याचाच फायदा घे, सगळं साध्या, कोटिंग नसलेल्या प्लेटमध्ये तासभर ठेव, मग वरचं पाणी हळूच उचलून कोलॅजन लावलेल्या प्लेटमध्ये टाक. गरज वाटली तर परत एकदा.

मीडिया हॅम्स एफ-१०, २० टक्के सीरम, आणि बेसिक एफजीएफ (पेशी वाढवणारं प्रथिन) विसरू नकोस. प्लेट गच्च भरू देऊ नकोस, साठ-सत्तर टक्के भरली की पुढच्या प्लेटला हलव, नाहीतर त्या एकमेकींत मिसळून मायोट्यूब (लांब स्नायूनळ्या) व्हायला लागतात आणि वाढायचं सोडतात. डेस्मिन या स्नायूपेशींतल्या प्रथिनाचं स्टेनिंग केल्याशिवाय मात्र गाईडला "पेशी मिळाल्या" म्हणून फोटो पाठवू नकोस.