'रॉबिन्सन'च्या आधीची दहा सिंगल्स

प्रिय मित्रा,

बँडला वर्ष झालं, एकही गाणं चाललं नाही, तर ड्रमर बदलावा का, असं तू विचारलंस. ड्रमर राहू दे. आधी जपानच्या स्पिट्झ या बँडची गाणी ती ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने ऐक. सगळे 'रॉबिन्सन'पासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. ते त्यांचं अकरावं सिंगल, म्हणजे सुटं विकायला काढलेलं गाणं, आहे.

१९८७ साली टोकियोत जमलेले हे चौघे: गायक मासामुने कुसानो, गिटारवर तेत्सुया मिवा, बेसवर आकिहिरो तामुरा आणि ड्रम्सवर तात्सुओ साकियामा. आजही हेच चौघे आहेत. सुरुवातीला ते 'द ब्लू हार्ट्स' या जपानी बँडच्या वळणाचं पंक वाजवायचे. पण ती जागा ब्लू हार्ट्सनी आधीच अडवलेली होती. कुसानोने अकूस्टिक गिटार हातात घेतली, तेव्हा कुठे त्याच्या उंच, नितळ आवाजाला जागा झाली. तुमच्या बँडमध्ये हा प्रश्न अजून कुणी विचारलेलाच दिसत नाही: आपला गायक कोणत्या पट्टीत खरा खुलतो?

२५ मार्च १९९१ला पहिलं सिंगल आणि पहिला अल्बम एकाच दिवशी आले. खप बेताचाच. १९९३च्या 'क्रिस्पी!' या अल्बमला त्यांनी मासानोरी सासाजी हा निर्माता घेतला आणि विकलं जाईल असं चकचकीत काम मुद्दाम केलं. तेही फारसं चाललं नाही. इथे बहुतेक बँड निर्मात्याला घरी पाठवतात. यांनी सासाजीला ठेवलं आणि चकाकी तेवढी कमी केली. 'क्रिस्पी!' आणि १९९४चा 'सोरा नो तोबिकाता' लागोपाठ ऐकलास की काय काढलं ते कानालाच कळेल.

मग एप्रिल १९९५मध्ये 'रॉबिन्सन' आलं. हे नाव बँकॉकमधल्या एका डिपार्टमेंट स्टोअरचं, तात्पुरतं म्हणून दिलेलं, तेच राहिलं. चार्टवर ते पहिलं कधीच आलं नाही, चौथ्यापर्यंतच चढलं. पण खपत राहिलं आणि सोळा लाखांवर प्रती गेल्या. त्याच सप्टेंबरचा 'हाचिमित्सु' हा अल्बम मात्र पहिल्या क्रमांकावर पोचला. गंमत म्हणजे १९९४चं 'सोरा मो तोबेरु हाझु' खरं गाजलं ते १९९६मध्ये, एका टीव्ही मालिकेला लागल्यावर. तेव्हा जुन्या गाण्यांच्या मूळ ट्रॅक फाइल्स पुसू नकोस.

आता 'रॉबिन्सन'ची सुरुवात हेडफोनवर ऐक. मिवा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) एकदम छेडत नाही, एकेक सूर सुटा काढतो. अकूस्टिक गिटार खाली लय धरून असते. तामुराचा बेस मूळ सुरावर बसून न राहता मध्येमध्ये उड्या मारतो, तरी गाण्याच्या अंगावर येत नाही. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही गिटार त्याच उघड्या कॉर्ड एकाच जागी झोडतात, म्हणून शब्द बुडतात. मग गायक ओरडतो आणि तो बेसूर झाला असं सगळ्यांना वाटतं. एका गिटारला पाचव्या फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्टीच्या) वर, बारीक तीन तारांवर पाठव. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज खरखरीत करणारा इफेक्ट, निम्म्यावर आण. फोन खोलीच्या कोपऱ्यात, अॅम्पपासून लांब, छातीच्या उंचीवर ठेवून रेकॉर्ड कर. शब्द कळले तर मांडणी बरोबर.

सरावाला १९९६चं 'चेरी' घ्या. त्याच्या मुखड्यात एएम (ए मायनर), ईएम (ई मायनर), एफ आणि सी या कॉर्ड फिरतात. अडेल ती एफ. सहाही तारांवर आडवं बोट दाबून हात दुखवून घेऊ नकोस. त्या बोटाने खरं तर सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच तारा धरायच्या असतात, बाकीच्या इतर बोटांकडे असतात. दुसरी तार बहुतेक वेळा बोटाच्या सांध्याच्या खाचेत सापडते आणि मुकी होते. बोट अर्धा सेंटिमीटर वर सरकव, अंगठ्याकडच्या कडेवर किंचित कलव आणि फ्रेटच्या पट्टीला चिकटवून दाब. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवून नुसतं ईएमवरून एफवर जा-ये कर, रोज पाच मिनिटं. वेग नंतर.

कागदपत्रांचं आत्ताच सांगतो, पुढे उशीर होतो. डिसेंबर १९९९मध्ये रेकॉर्ड कंपनीने बँडच्या मनाविरुद्ध 'रीसायकल' हा निवडक गाण्यांचा संग्रह काढला. बँड फुटतानाच असा संग्रह काढावा, असं कुसानोचं मत होतं. वीस लाखांवर प्रती खपल्या, तरी २००६मध्ये बँडच्या मर्जीचे 'सायकल हिट' संग्रह आले आणि 'रीसायकल' बंद झाला. यातून दोन गोष्टी वेगळ्या ओळख: गाणं रचणाऱ्याचा हक्क आणि रेकॉर्डिंगच्या मास्टरचा, म्हणजे मूळ पक्क्या रेकॉर्डिंगचा, हक्क. करारात मास्टर कुणाचं, किती वर्षांसाठी, आणि संग्रह किंवा जाहिरातीला वापरताना तुमची लेखी संमती लागते का, ही तीन वाक्यं बोट ठेवून शोध. यातलं एक जरी सापडलं नाही, तरी सही करू नकोस. रचनाकार म्हणून मुंबईच्या आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणारी संस्था) नावनोंदणी करून ठेव.

मोठ्या हॉलची घाईही नको. स्पिट्झने बुदोकान या टोकियोच्या प्रसिद्ध मोठ्या सभागृहात पहिला कार्यक्रम केला तो २०१४मध्ये, म्हणजे बँडच्या सत्ताविसाव्या वर्षी.

पुढच्या तालमीचं रेकॉर्डिंग पाठव. ड्रम्स ऐकू येतील इतपत दुसरी गिटार कमी करून.

तुझा,
दादा