कथानक कापू का?

प्रश्न : सर, मी सोलापूरचा. विकिपीडियावर जर्मन लेखक रेमार्कच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या पहिल्या महायुद्धावरच्या कादंबरीचा मराठी लेख सुधारतोय, पण नुसतं कथानकच चार पानं झालंय ओ, काय करू?

उत्तर : कात्री घ्या की! कथानक दोन परिच्छेदात बसवा, आणि लेखात कुठं ‘अजरामर’, ‘हृदयस्पर्शी’ असं लिहिलं असेल तर ते कोण म्हणतंय ते सांगा नायतर उडवा. खरा माल पुढंच आहे, १९२८ला बर्लिनच्या पेपरात क्रमशः आली, १९२९ला पुस्तक, १९३०च्या सिनेमाला ऑस्कर, १९३३ला नाझींनी जाळली, हे तुम्ही एका ओळीत उरकलं असणार (सगळेच उरकतात). आणि कादंबरीचा नायक पॉल म्हणजे रेमार्क नव्हे, पॉल १९१८ला मरतो, लेखक १९७०पर्यंत जगला. संदर्भासाठी तुमच्या सोलापुरातल्याच हिराचंद नेमचंद वाचनालयात एक चक्कर मारा.