वाचकांचे प्रश्न : काळीज हलवणारं गाणं, समोर बसून

प्रश्न : मोबाइलवर मारवा राग लावला तर पाच मिनिटांत लक्ष उडतं. तोच इथल्या देवल क्लब या संगीतसंस्थेत समोर बसून ऐकला की पोटात कालवाकालव होते. रेकॉर्डिंग तर उत्तम आहे, मग असं का?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : रेकॉर्डिंग उत्तम असेल, स्पीकर नाही. गायकाची पट्टी (गाण्याचा मूळ सूर) काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, धरली, तर त्याचा मध्य षड्ज (सा) सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा आणि खर्जातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, ६९चा. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून हा पाया जवळजवळ निघतच नाही. त्याच सुरात मिसळलेल्या वरच्या स्वरांशांवरून कान सूर ओळखतो, पण त्याचं वजन पोचत नाही. मारव्याची आलापी तर मंद्र (खालच्या सप्तकातल्या) निषाद-धैवतातच (नी-ध) मुरते. चांगले हेडफोन लावून पाहा, बराच फरक पडेल.

बाकीचं कारण रागातच आहे. पंचम (प) वर्ज्य, रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र आणि षड्ज हाताशी असून टाळलेला. तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादाला किंवा धैवताला लावतात; जोडीच्या तारा मात्र सतत षड्जच बोलत असतात. गायक रिषभ-धैवतावर रेंगाळतो, षड्जाला वळसा घालतो, टेकत नाही. ही अस्वस्थता मोबाइलवर बोटानं पुढे ढकलता येते. बैठकीत ती सोसावीच लागते आणि षड्ज लागला की आजूबाजूच्या सगळ्यांचाच श्वास सुटतो. अल्लादिया खाँसाहेब जिथे दरबारगायक होते, त्या कोल्हापूरला हे काय सांगायचं म्हणा!

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये निर्गुणी भजनांची बैठक ठेवतोय. साधारण ६० श्रोते. साउंडवाल्याला काय सांगावं?
— राजारामपुरी

उत्तर : पहिलं म्हणजे, इको बंद. निर्गुणीत दोन ओळींमधली शांतता गाण्याइतकीच बोलते. इकोनं ती भरून गेली की राहिलं काय?

फरशीचा हॉल तसाही घुमतो. मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. आवाज रेंगाळला तर सतरंज्या, गाद्या अंथरा, खिडक्यांना जाड पडदे लावा. श्रोते आले की घुमणं आणखी कमी होतं, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये ठरवलेला आवाज अंतिम समजू नका.

माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला. फार जवळ घेतला तर बास फुगतो आणि शब्द गढूळ होतात. लांब नेला की साउंडवाला आवाज वाढवतो आणि शिट्टी सुरू होते. स्पीकर नेहमी माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून. मिक्सरवर लो-कटचं बटण असतं. ते बहुधा ८० ते १०० कंपनांच्या खालचं कापतं, म्हणजे वर सांगितलेला खर्ज नेमका त्यात जातो. गायक पुरुष असेल तर ते बंद ठेवायला सांगा. तबल्याची धमक माइकात येतेय असं वाटलं तर माइकचा स्टँड तबल्याच्या गादीवरून उचलून वेगळा ठेवा.

पंखे गाणं सुरू व्हायच्या आधी बारीक करा. मध्येच कुणी उठून रेग्युलेटर फिरवला की बैठक मोडते. दिवे मंद चालतील, पण गायकाचा चेहरा दिसलाच पाहिजे. सर्वांत जड भजन चहाच्या आधी नको, कपबशा वाजायला लागतात. मध्यंतरानंतर दुसरं किंवा तिसरं घ्या आणि ते संपल्यावर निवेदकाला लगेच माइक देऊ नका. हे निवेदकाला आधी सांगावं लागतं, नाहीतर तो बोलतोच.

रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. बंद सभागृहाला सवलत आहे, पण खिडक्या लावून घ्या.

प्रश्न : करुण गाणं गाताना माझाच गळा दाटतो आणि सूर तुटतो.
— शाहूपुरी

उत्तर : रडू आलं की घशाचे स्नायू आवळतात, श्वास वर चढतो. ज्या ओळीवर असं होतं ती आधी नुसती बोला, मग शब्दांशिवाय नुसत्या ‘आ’कारात गा, मग शब्द घाला. ओळीआधी श्वास पूर्ण सोडून नव्यानं घ्या. तरीही जमेना तर पट्टी अर्ध्या सुरानं खाली घ्या. वरचा सूर ओढताना गळा आधीच ताणलेला असतो. मंचावर साधं पाणी ठेवा, थंडगार नको.